पिस्तूल की हात

तिसरी गोळी पुन्हा अडकली.

व्होंडा केसिंजरने चाप ओढला, पण बार उडालाच नाही. बोटाखाली चाप नुसता मेल्यासारखा मागे आला. तिने पिस्तुलाचं तोंड मातीच्या बांधाकडेच ठेवलं आणि वरून पाहिलं. वरचा सरकता भाग अर्ध्यावर थांबला होता. आतली गोळी नाक खाली करून नळीच्या तोंडाशी रुतून बसली होती.

"पुन्हा?" मागून तिचा धाकटा भाऊ डेन्झिल म्हणाला. तो गाडीच्या बॉनेटवर बसून मक्याचा पाव खात होता.

"पुन्हा."

"ताई, त्या विटेला काय घाबरायचं? गोळी नाही सुटली तर सरळ फेकून मार. चोर जागच्या जागी आडवा!"

अशा पिस्तुलांना ओहायो नदीकाठच्या त्या गावात सगळे 'वीट'च म्हणत. जड, ठोकळ्यासारखं, स्वस्तात स्वस्त. हे डेन्झिलनेच तिला दिलं होतं. स्वतःसाठी चांगलं घेतल्यावर जुनं बहिणीच्या गळ्यात मारलं, असं त्याची बायको म्हणायची.

व्होंडाला हसू आलं नाही. तिच्याकडे सहा आठवडे होते.

काचेचा कारखाना मार्चमध्ये बंद झाला. बावीस वर्षं ती तिथे पॅकिंगला होती. पेले, वाडगी, उंच देठाचे ग्लास कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. आता तिच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गाव सोडत होत्या. दोन तासांवरच्या शहरात गोदामं होती, तिथे काम मिळे, पण राहायलाही तिथेच जावं लागे. व्होंडाला जायचं नव्हतं. आणि एक जागा होती. रिकाम्या कारखान्याच्या फाटकावर दिवसपाळीचा राखणदार हवा होता, हत्यारी. पिस्तूल स्वतःचं आणायचं आणि नेमबाजीची परीक्षा पास व्हायची. जून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत जागा तिच्यासाठी राखून ठेवू, असं एजन्सीने सांगितलं होतं. पन्नास गोळ्या, चाळीस आत. नाहीतर बाहेरगावचा माणूस.

आणि इथे दहा गोळ्याही धड सुटत नव्हत्या.

"आण इकडे," डेन्झिलने हात झटकले. "तेल कमी पडलंय."

त्याने तेल घातलं. सुटल्या पाच, अडकली सहावी. त्याने आणखी तेल घातलं. मग मॅगझिन काढून डोळ्यांसमोर धरलं. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची ही गोळ्यांची डबी. तिच्या तोंडाला पत्र्याचे दोन ओठ असतात, ते गोळीला धरून ठेवतात. डेन्झिलने गाडीतून पक्कड आणली.

"काय करतोयस?"

"ओठ जरा आत दाबतो. सगळे असंच करतात. मी वाचलंय."

"कुठे वाचलंस?"

"अगं, सगळीकडे लिहिलेलं असतं!"

त्याने दाबलं. त्यानंतर ते मॅगझिन तिसऱ्या गोळीला अडकायचं ते दुसरीला अडकू लागलं.

*

पुढच्या आठवड्यात ती बंदुकांच्या दुकानात गेली. ट्रेंट नावाचा तिशीतला पोरगा काउंटरवर होता. त्याने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, चार वेळा सरकता भाग मागेपुढे केला आणि तिच्यापुढे ठेवून दिलं.

"मावशी, पिस्तुलाला काही झालेलं नाही. तुमचं मनगट लुळं पडतंय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. व्होंडाने पिस्तूल पिशवीत घातलं आणि बाहेर येऊन गाडीत बसली. किल्ली फिरवली नाही. उजवा हात उलटा करून मनगटाकडे पाहत राहिली.

मनगटावर बोटभर लांबीचा पांढरा व्रण होता. चार वर्षांपूर्वीचं ऑपरेशन. पॅकिंगच्या बायकांना ते व्हायचंच, बोटांना मुंग्या यायच्या, रात्री हात बधिर पडायचा. डॉक्टर म्हणाले होते की मुंग्या जातील, पण पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही. तेव्हा तिने मान हलवली होती. तेव्हा पिस्तूल कुठे धरायचं होतं!

त्यानंतरचे दोन दिवस ती घरात बसलीच नाही. गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. अंगणातलं गवत कापलं, शेजारणीचंही कापून दिलं. कामाला हात लावला की मनात यायचं, बघू, किती जोर आहे. बरणीचं झाकण उघडलं की बघू. नळ पिळला की बघू. कधी वाटायचं आहे जोर, कधी वाटायचं नाही. ऑपरेशनचं डेन्झिलला माहीत होतं, पण त्याला आठवत नव्हतं, आणि तिने आठवण करून दिली नाही. हे एकदा कोणी तोंडाने म्हटलं की खरंच होईल, असं तिला वाटत होतं.

शेवटी ती टेकडीवर प्रेटर बाईंकडे गेली.

ऑर्फा प्रेटर बाईंनी चाळीस वर्षं गावाला तिसरी इयत्ता शिकवली होती. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. घरामागे उंच मातीचा बांध होता, तिथे त्यांनी तरुणपणापासून नेमबाजी केली आणि तीन जिल्ह्यांतल्या पुरुषांची बक्षिसं पळवली. गावातला कोणीही समोर आला की त्या आधी त्याचं बाक आठवायच्या.

"व्होंडा. खिडकीजवळचं दुसरं बाक," त्या म्हणाल्या. "पावसाकडे बघत बसायचीस. ये."

"बाई, पिस्तूल अडकतंय."

"कसं अडकतंय?"

"अडकतं म्हणजे... चालत नाही. ट्रेंट म्हणतो माझं मनगट..."

"ट्रेंट काय म्हणतो ते नंतर. काय वाटतं तेही नंतर. झालं काय ते सांग. मुलगी आजारी आहे म्हटलं तर मी काय समजू? डोकं दुखतंय की पोट?"

सहा आठवड्यांतले दोनाहून जास्त गेले होते आणि पिस्तूल नेमकं कसं अडकतं, हे व्होंडाने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. अडकलं की ती झटझट सगळं ओढून मोकळं करायची.

बाईंनी आधी पिस्तूल उघडलं. कापडाने पुसलं, कापड काळं झालं. दुसरं घेतलं, तेही काळं झालं.

"हे तेल कुणी घातलं?"

"डेन्झिलने."

"तेल म्हणजे काय लोणी आहे, पावावर थापायला? त्यात धूळ बसते, काजळी बसते, त्याची चटणी होते. थेंबभर पुरतं." मग त्यांनी घरातून लाल नेलपॉलिश आणलं. एका मॅगझिनवर एक ठिपका दिला, दुसऱ्यावर दोन. आणि व्होंडाच्या हातात एक शाळेची वही दिली.

"प्रत्येक वेळी लिहायचं. कुठलं मॅगझिन, कितवी गोळी, काय दिसलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्यास आणि बरं झालं, तर कशाने बरं झालं ते देवालाही सांगता येणार नाही."

एकाच खोक्यातल्या साठ गोळ्या त्या दुपारी गेल्या. व्होंडाचे हात शिवशिवत होते, पुढची गोळी, पुढची गोळी. पण बाई प्रत्येक अडथळ्याला थांबवत. "हलवू नकोस. तोंड बांधाकडे, बोट चापाबाहेर. आता बघ. काय दिसतं?"

संध्याकाळी वहीत असं निघालं: एका ठिपक्याचं मॅगझिन तीस गोळ्यांत सात वेळा अडकलं, आणि सातही वेळा गोळी नाक खाली करून रुतली. दोन ठिपक्यांचं चार वेळा अडकलं, पण तिथे गोळी रुतलीच नव्हती. उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता सरकत्या भागाच्या दारात चिमटली जायची आणि छपरावरच्या धुराड्यासारखी उभी राहायची.

"हे दोन वेगळे आजार आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी एका ठिपक्याचं मॅगझिन चष्म्याखाली धरलं. एक ओठ आत वळला होता आणि त्यावर दातांसारख्या खुणा होत्या. "ह्याला कोण चावलं?"

"डेन्झिल. पकडीने."

"पेन्सिलीपण चावायचा." बाईंनी ते मॅगझिन बाजूला ठेवलं. "ह्याचा जन्मतःच ओठ वाकडा असेल, त्यात डेन्झिलने भर घातली. नवं मागव. वाकवत बसू नकोस."

व्होंडाला इतकं हलकं वाटलं की उतारावरून गाडी नेताना ती गुणगुणत होती. म्हणजे अंगणच वाकडं होतं!

नवं मॅगझिन टपालाने यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत ती टपालवाल्याला पायरीवरच गाठायची, इतकी की तो लांबूनच मान हलवू लागला. आलं त्या दुपारीच तिने टेकडी गाठली. दहा गोळ्या गेल्या, एकही रुतली नाही. दुसऱ्या दहातल्या सातव्या गोळीला धुराडं उभं राहिलं. तिसऱ्या दहात दोन धुराडी.

"एक आजार गेला," बाई म्हणाल्या.

"आणि दुसरा?"

"मला दे बघू."

बाईंची बोटं संधिवाताने वाकलेली होती, आल्याच्या गाठींसारखी. त्यांनी तेच पिस्तूल घेतलं, तीच दोन मॅगझिनं, त्याच गोळ्या. तीस झाडल्या. पुंगळ्या उजवीकडे गवतात टपटप पडत राहिल्या. एकही अडकली नाही.

व्होंडाने वही मिटली. अंगणही वाकडं होतं आणि नाचताही येत नव्हतं. दोन्ही एकदम, म्हणून तर काही कळत नव्हतं.

"आता लिहायचं काय," ती म्हणाली. "हात."

"लिही की. त्यात रडायचं काय?"

मग तिने बाही वर केली आणि व्रण दाखवला. डॉक्टर काय म्हणाले होते तेही सांगितलं. अठरा दिवस राहिलेत, अठरा दिवसांत मनगट नवं येत नाही, हेही सांगितलं. बोलता बोलता ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. बाईंनी तिला थांबवलं नाही. आत गेल्या, थंड चहाचे दोन ग्लास घेऊन आल्या आणि एक तिच्यापुढे केला.

व्होंडाने ग्लास घेतला.

"थांब," बाई म्हणाल्या. "तसाच धर. कसा धरलायस?"

"कसा म्हणजे? धरलाय."

"बोटं बघ."

व्होंडाने पाहिलं. ग्लास तिच्या बोटांवर नुसता टेकला होता. मनगट सैल, ग्लास जिकडे कलेल तिकडे तेही किंचित कलत होतं. खाली ठेवताना हात आधी ग्लासाबरोबर खाली गेला आणि मग अलगद सुटला. टेबलावर टक्‌सुद्धा वाजलं नाही.

"आम्ही असंच धरतो," ती म्हणाली. "नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच सांगायचो. आवळलंस की फुटलं. काच जाईल तिकडे हात जाऊ दे." तिने पुन्हा मनगटाकडे पाहिलं. "बाई..."

"आता हात दे. दाब माझा. जोरात. आणखी... बास, बास, बाई गं, मोडशील!" बाईंनी बोटं झटकली. "जोर गेलेला नाही तुझा. बावीस वर्षं तू तो न वापरायला शिकलीस."

मग त्यांनी तिसरीच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. "हे बघ. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, पुंगळी फेकतो, पुढे येताना नवी गोळी घेतो. पण मागे जायला त्याला खालचा भाग घट्ट उभा हवा. चेंडू भिंतीवर मारला तर उसळतो, पडद्यावर मारला तर तिथेच पडतो. धक्का आला की तू मागे जातेस त्याच्याबरोबर. जशी काचेबरोबर जायचीस. वरचा भाग पूर्ण मागे जातच नाही, आणि पुंगळी दारात चिमटते. महागडं पिस्तूल कदाचित हे सोसून घेईल. ही वीट नाही सोसत. तू पडदा होतेस, भिंत हो."

सांगणं सोपं होतं. पुढचे दोन आठवडे व्होंडा सकाळी उठल्यापासून भिंत व्हायला बघत होती. डावा हात उजव्यावर गच्च, मनगट सरळ, कोपर पक्कं. लक्ष असलं की पन्नासात एकही धुराडं नसे. लक्ष नेमावर गेलं, किंवा कारखान्याच्या फाटकावर गेलं, की हात आपोआप मऊ व्हायचा. वहीत 'हात' या शब्दाखाली रेघा वाढत होत्या. ती स्टिअरिंग आवळून गाडी चालवायची. डेन्झिलशी हात मिळवला तर तो ओरडला, "मी काय केलं आता?"

"पक्कड," ती म्हणाली.

परीक्षेआधीच्या गुरुवारी, जेवणानंतर भांडी धुताना, तिच्या हातात निळा देठाचा ग्लास फुटला. कारखान्याचाच होता. बावीस वर्षांत तिच्या हाताने एक फुटला नव्हता. ती साबणाच्या पाण्यातल्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली आणि मग तिने बाईंना फोन केला.

"कुठल्या हातात?" बाईंनी विचारलं.

"उजव्या."

"आपटला?"

"नाही. नुसता धरला होता."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. मग घाईघाईने, "लागलं का गं? पट्टी लाव."

*

शनिवारी सकाळी जिल्ह्याच्या रेंजवर सात जण होते, सहा पुरुष आणि व्होंडा. बाई बाहेर गाडीत बसल्या. आत फक्त परीक्षा देणाऱ्यांनाच सोडत. परीक्षक लूमिस म्हणून होते, पोट सुटलेले, सावकाश बोलणारे.

"दहा-दहाच्या पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीला वेळ ठरलेली," त्यांनी सांगितलं. "पिस्तूल अडकलं तर स्वतः सोडवा. वेळ संपली तर हात वर करा, मी येईन. दोष पिस्तुलाचा असेल तर उरलेल्या गोळ्या परत मिळतील. दोष तुमचा असेल तर गेल्या."

शेजारच्या तरुणाने व्होंडाच्या पिस्तुलाकडे पाहिलं. "वीट घेऊन आलात? मग हात वरच ठेवा, सारखा खालीवर कशाला!"

तीन फेऱ्या झाल्या. तीसातल्या पंचवीस आत. व्होंडा मनातल्या मनात बाहेर गेलेल्या मोजत होती आणि मोजू नकोस असंही स्वतःला सांगत होती. चौथ्या फेरीत सात गोळ्यांपर्यंत दोन बाहेर गेल्या. आठवी झाडताना तिला वाटलं, ही आत, नक्की आत. गोळी आतच गेली, पण तिने पाहिलं ते निशाणाकडे. हाताकडे लक्षच नव्हतं. पुंगळी दारात उभी राहिली.

तिने मॅगझिनच्या बुडाला खालून थाप मारली, सरकता भाग ओढला. बोटं तेवढ्यात घामाने निसटली. पुन्हा ओढला. पुंगळी उडाली, नवी गोळी आत गेली, आणि शिट्टी वाजली. दोन गोळ्या राहून गेल्या.

तिने हात वर केला.

लूमिस आले. त्यांच्या पाटीवर कागद होता, त्यांनी पेन टेकवलंच होतं. वीट बघितल्यावर विचारायचं तरी काय, असा त्यांचा चेहरा होता.

"पिस्तूल की हात?"

"हात," व्होंडा म्हणाली.

गेले अडीच आठवडे ती रोज वहीत हेच लिहीत होती. विचार करायच्या आधीच शब्द बाहेर पडून गेला. लूमिसनी मान वर केली.

"नक्की?"

आता मागे घेता आला असता. 'पिस्तूल' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या धुराड्याच्या क्षणी मनगट कसं मागे गेलं होतं, ते तिला अजून हातात जाणवत होतं.

"नक्की," ती म्हणाली.

लूमिसनी लिहिलं आणि पुढे गेले. नऊ गेल्या होत्या. शेवटच्या दहातली एकच चुकवायला उरली होती, आणि दहापैकी नऊ तिने आतापर्यंत एकाच फेरीत मारल्या होत्या. शेजारचा तरुण तिच्याकडे वेड्यासारखा बघत होता. "मावशी, दोन गोळ्या फुकट सोडल्यात!"

"मला कळतंय!" ती त्याच्यावर खेकसली.

तिला इतका राग आला होता की कान तापले होते. राग स्वतःचा, ट्रेंटचा, कारखान्याचा, त्या गोदामांचा, ह्या आगाऊ पोराचा. पाचव्या फेरीची शिट्टी वाजली तेव्हा तिने वीट अशी धरली, जणू कोणी ती तिच्या हातून हिसकावून नेणार होतं. हात मऊ व्हायला जागाच उरली नव्हती. पुंगळ्या एकामागून एक उजवीकडे उडत गेल्या. दहावी उडाली तेव्हा अकरावी नाही हे तिला पटायला वेळ लागला.

लूमिस निशाणाच्या कागदाशी बराच वेळ वाकून उभे होते. तेवढ्या वेळात व्होंडाने तीनदा आवाज अडवणारे कानावरचे रक्षक काढले आणि तीनदा घातले.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "फॉर्मवर पिस्तुलाचा नंबर लिहा. ड्युटीवर हेच नेणार ना?"

"हेच."

"सोमवारपासून?"

"सात वाजता. फाटकावर."

तिने नंबर लिहिला. बोटं अजून मुठीतून सरळ होत नव्हती, आकडे वाकडे आले. सही घेतलेला कागद तिने घडी न घालता, दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला. बाईंनी गाडीची काच खाली केली.

"किती?"

"एकेचाळीस."

"आणि नऊ कुठे गेले?"

व्होंडा दार उघडून आत बसली, आणि पहिल्या फेरीपासून एकेक सांगायला लागली.